कोर्लईचं चर्च टिकलं, रेवदंड्याची का पडली?

भटक्या_शनिवार:
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात अलिबागवरून रेवदंड्याला गेलो होतो, किल्ल्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यातच मधे मधे चर्चच्या भिंती उभ्या, एका ठिकाणी तर चर्चच्या कमानीला कोणीतरी कपडे वाळत घातलेले. तो सातखणी मनोरा पण बघितला, नाव सातखणी पण आता सात काही मोजता येत नाहीत. मग साळावच्या पुलावरून कोर्लईला गेलो तर तिकडे चर्च एकदम नांदतं, रंगवलेलं, मिस्साच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) वेळा लिहिलेल्या. आणि एक आजी नातवाला ओरडत होत्या ती भाषा मराठी नाही, कोंकणी पण नाही. गाईड म्हणाला हे पोर्तुगीज सैनिकांचे वंशज. खरं का? हे चर्च नक्की किती जुनं आणि खाडीच्या एका बाजूची पडली, दुसऱ्या बाजूचं राहिलं असं कसं?

खाडीकाठचा:
गाईड लोकांना सैनिक फार आवडतात :) थोडं रक्त असेलही, पण बहुतेक लोक इथलेच, चौलच्या तटाच्या आत आणि आसपास राहून पोर्तुगीजांकडे कामं करणारे, धर्मांतर झालेले, काही मिश्र लग्नाचे.

आता क्रम बघा. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला (म्हणजे आजचं रेवदंडा) कोट बांधायला घेतला, मग फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन असे ख्रिस्ती धर्मगुरूंचे सगळे संघ आले आणि प्रत्येकाचा आपापला मठ, आपापलं चर्च. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ ला निजामशाहीकडून घेतला, वरच्या किल्ल्यात पण एक पडकं चर्च आहे, तुम्ही वर चढला नसाल तर मोठी चूक केलीत. १७३९ ला वसई पडली आणि पुढच्याच वर्षी तहात चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांना द्यावे लागले. तेव्हा ज्यांना जमलं ते गोव्याला गेले, जे गरीब होते ते राहिले आणि खाडी ओलांडून कोर्लईत वसले. रेवदंड्याच्या चर्चना माणसंच उरली नाहीत हो. आणि रिकाम्या इमारतीचे चिरे कोकणात कोण सोडतं, विहिरीला लागतात, पडवीला लागतात.

इतिहासप्रेमी_पुणे:
सरळ सांगा ना की चिमाजी अप्पांनी चर्च पाडली. आपल्याकडच्या देवळांत, घाटांवर चर्चच्या घंटा आहेत त्या काय हवेत उडून आल्या का? वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहे, १७०७ साल कोरलेलं आहे.

नंदाखालची_सून:
घंटा नेल्या हे खरंच, त्यात लपवायचं काय, नाशिकला नारोशंकराच्या देवळात पण आहे की. पण घंटा नेल्या म्हणजे माणसं संपवली असं होत नाही. वसईच्या शरणागतीच्या अटींमध्ये राहणाऱ्यांना धर्म पाळायची मुभा होती आणि १७६० च्या आसपास आंकतील द्यु पेरों नावाचा फ्रेंच प्रवासी साष्टीत (मुंबईच्या उत्तरेकडच्या, ठाण्याच्या बेटावर) फिरला, त्याने लिहून ठेवलंय की मराठ्यांच्या राज्यात ठाण्याला ख्रिस्ती लोक रस्त्यावरून उघड मिरवणूक काढतात, आणि धर्मगुरू सगळे एतद्देशीय. गोरे पाद्री गेले, गोव्याचे आले, मिस्सा चालू राहिला. आमच्याकडे वसईत तसंच झालं.

आणि भटक्या, तुम्ही चर्चचं वय विचारताय पण चर्च वेगळं आणि धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चखाली येणारी वस्ती, वेगळा. इमारत चार वेळा पाडून बांधतात, धर्मग्रामाचा खरा पुरावा म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदींच्या वह्या. माझ्या सासऱ्यांना आडनावाच्या स्पेलिंगसाठी कागद हवा होता म्हणून आम्ही एका जुन्या चर्चच्या ऑफिसात बसलो होतो, फादरनी पिवळी पडलेली वही काढली, पानं हातात तुटत होती म्हणून पट्टीने उलटत होते. सगळं तिरप्या पोर्तुगीज अक्षरात, "फिल्यो लेजितिमो दि..." म्हणजे अमक्याचा औरस मुलगा, आणि पुढे बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपित्याचं नाव. सासरे मराठी सातवी शिकलेले, त्यांना स्वतःच्या आजोबांचं नाव वाचता येईना, फादरनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा म्हणाले एवढ्या लहान अक्षरात लिहिलंय होय!

भटक्या_शनिवार:
वा, हे भारीच. पण मग वसईत पोर्तुगीजसारखी भाषा का नाही राहिली? तिथे तर ख्रिस्ती लोक कितीतरी जास्त.

खाडीकाठचा:
जास्त आहेत म्हणूनच, असं माझं मत. वसईत गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, सामवेदी समाज आपली कादोडी बोली घेऊन आला, वाडवळ समाज आपली वाडवळी घेऊन, त्यांना घरात दुसरी भाषा कशाला हवी. कोर्लईत मूठभर मिश्र लोक, आजूबाजूला सगळे हिंदू, रोटीबेटी व्यवहार नाही, पूल नव्हता तेव्हा रेवदंड्याला जायला तरीवर बसायचं. त्यात धर्मगुरू पोर्तुगीज जाणणारे. ही भाषा त्यांची ओळखच झाली, ते तिला "नौ लिंग" म्हणतात, म्हणजे आपली भाषा. मजा म्हणजे शब्द पोर्तुगीज पण वाक्य हळूहळू मराठीसारखं वळलंय, क्रियापद शेवटी. अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिलीत. साठच्या दशकात व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची मोठी सभा) प्रार्थनेतली लॅटिन गेली आणि चर्चमध्ये मराठी आली, शाळा तर मराठीच, त्यामुळे आता नौ लिंग घरातच उरलीय.

इतिहासप्रेमी_पुणे:
ठीक आहे, मिरवणुकीचं माहीत नव्हतं. बाकी पाद्री, नाताळ, पाव, चावी हे पोर्तुगीज शब्द आपण पण रोज वापरतोच, त्यासाठी कोर्लईला जायला नको.

नंदाखालची_सून:
जा हो दादा एकदा, मासे चांगले मिळतात :)

भटक्या_शनिवार:
मला तर परत जायचंय, किल्ला राहिलाच. सणाला गेलो तर चालेल का?

खाडीकाठचा:
चर्च कार्मेल मातेचं आहे, कॅलेंडरप्रमाणे तिचा सण १६ जुलै, पण गावात कधी करतात ते फादरना विचारूनच निघा. आणि भर पावसात किल्ल्याची वाट शेवाळलेली असते, चप्पल घालून जाऊ नका. आजी भेटल्या तर फोन लगेच समोर धरू नका, आधी दोन शब्द बोला, मराठी व्यवस्थित येतं त्यांना.