ईएसजी फंड घेताना आधी होल्डिंग बघा
एका भाऊंनी इथे लिहिलंय की ईएसजी फंडात (पर्यावरण, समाज न् कंपनीचा कारभार बघून शेअर निवडणारा म्युच्युअल फंड) रिटर्नही जास्त न् पुण्यही, मला नाही पटत ते. फंडाची फॅक्टशीट (पैसे कुठे गुंतवलेत ते सांगणारं पत्रक) उघडा ना भाऊ, सगळ्यात मोठ्या दहा होल्डिंगमधे, म्हणजे फंडाने घेतलेल्या शेअर्समधे, बँका न् आयटीच दिसतील, मग इंडेक्स फंडापेक्षा (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) जास्त खर्च कशाला द्यायचा? आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, वीज स्वच्छच आहे, पण जमीन गेलेल्याला काय मिळालं हे कंपनीच्या ईएसजी रेटिंगमधे दिसतं का तेही विचारायला हवं. सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) एक चांगलं केलंय, 2022-23 पासून बाजारमूल्याने वरच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण न् समाजाबाबतच्या जबाबदारीचा वार्षिक अहवाल) सक्तीचा आहे, त्यात पाणी, कचरा, कामगारांचे अपघात सगळं सांगावं लागतं न् आपल्याला फुकट वाचता येतं. ते वाचून मग ठरवा, आणि एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवणं) करायचीच तर डायरेक्ट प्लॅनमधे, म्हणजे एजंटाशिवाय थेट फंडाकडून, करा, कमिशन तरी वाचेल.