सल्ला हवा: वाळीत टाकलेले देश अणुतंत्रज्ञान कसं मिळवतात? ४० मिनिटांत कोणता देश घ्यावा?

रेणूमास्तर (धागाकर्ता)
९ ऑगस्टला, नागासाकी दिनी, बारावीच्या विज्ञान मंडळात ४० मिनिटांचं सत्र घ्यायचं आहे. सोबत सहा भित्तिपत्रकं. जगाने वाळीत टाकलेल्या देशांना अण्वस्त्रांचं तंत्रज्ञान कुठून मिळतं, कुठे अडतं आणि कुठे पकडलं जातं, एवढाच विषय. बॉम्बची रचना शिकवायची नाही.

अटी: देश एकच. एकूण खर्च २,००० रुपयांच्या आत. पुस्तकं विकत घेणं शक्य नाही. मुलांना समस्थानिकं माहीत आहेत, त्यापुढचं काही नाही. मनात उत्तर कोरिया आहे. आणखी कोणता देश सुचवाल, आणि का?

लोलक
पाकिस्तान. दुसरा विचारच करू नका. पाकिस्तानी धातुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान १९७२ पासून ॲमस्टरडॅमच्या एका प्रयोगशाळेत होते. नेदरलँड्समधल्याच अल्मेलोच्या युरेन्को प्रकल्पाचं सेंट्रिफ्यूजचं (वायू वेगाने फिरवून युरेनियमची हलकी-जड समस्थानिकं वेगळी करणाऱ्या यंत्राचं) काम या प्रयोगशाळेकडे होतं. डिसेंबर १९७५ मध्ये ते परतले आणि १९७६ मध्ये पाकिस्तानात कहुटाच्या युरेनियम कारखान्याचं काम सुरू झालं. आराखड्यांपेक्षा मोलाची होती ती पुरवठादारांची यादी, कोणता भाग युरोपात कोण बनवतं याची.

मुलांना एक गोष्ट नीट सांगा: तेव्हाच्या निर्यातबंदीच्या याद्यांत अख्खं सेंट्रिफ्यूज होतं, त्याचे सुटे भाग नव्हते. म्हणून माल सुटा मागवला गेला. १९७८ मध्ये ब्रिटनमधून इन्व्हर्टर (यंत्राचा फिरण्याचा वेग ठरवणारी विजेची उपकरणं) घेतले आणि ते कापडगिरणीसाठी आहेत असं सांगितलं. तिथल्या संसदेत प्रश्न आला, मग यादी बदलली. एका स्विस कंपनीने वायू हाताळणीचा संच दिला, तो न्यायला तीन हर्क्युलिस मालवाहू विमानं लागली. १९८७ मध्ये २५ टन मॅरेजिंग (अतिकणखर) पोलाद अमेरिकेतून नेण्याचा प्रयत्न फसला. एवढ्यात तुमची ४० मिनिटं भरतील.

घाटवळण
+१ पाकिस्तान. लोलक यांनी सगळं लिहिलंच आहे. मुलांना फिरतं मॉडेल दाखवा, त्याशिवाय सेंट्रिफ्यूज डोक्यात शिरत नाही. ॲक्रिलिकचं नळकांडं, छोटी मोटर, वेग बदलायचं यंत्र. चांगल्या कारागिराकडून १२ ते १५ हजारांत होईल. भित्तिपत्रकं कोणी वाचत नाही.

रेणूमास्तर
घाटवळण, खर्चाची अट २,००० ची आहे.

करडा_पोपट
पाकिस्तान वाळीत टाकलेला कधी होता? सत्तरीत तो अमेरिकेच्या गोटात होता, चीनने मदत केली आणि युरोपची बाजारपेठ खुली होती. खरं एकाकीपण पाहायचं तर दक्षिण आफ्रिका घ्या. नोव्हेंबर १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेचा ठराव ४१८ आला आणि शस्त्रबंदी सक्तीची झाली. त्यांच्याकडे स्वतःचं युरेनियम होतं, सोन्याच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघणारं. पेलिंदाबाची सफारी-१ अणुभट्टी अमेरिकेने दिलेली, १९६५ पासून चालू.

समृद्धीकरणाची, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवण्याची, त्यांची पद्धत मुलांना आवडेल. वलिंदाबाच्या कारखान्यात युरेनियम हेक्साफ्लोराइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण स्थिर नळीत भोवऱ्यासारखं फिरवत. वायू फिरतो, नळी नाही. त्यामुळे फिरणाऱ्या नाजूक भागांसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. वीज मात्र प्रचंड लागे. ऑगस्ट १९७९ मध्ये हे दोन वायू एकमेकांशी अभिक्रिया करू लागले आणि कारखाना बंद पडला. १९८० मध्ये तो पुन्हा हळूहळू सुरू झाला, पण उच्च समृद्ध युरेनियम परत मिळायला १९८१ उजाडलं. कलहारी वाळवंटातली चाचणीची विवरं १९७७ मध्ये तयार होती, विखंडनक्षम माल नव्हता. रशियन उपग्रहाने ती टिपली आणि जागा सोडावी लागली.

पुढे सहा अस्त्रं पूर्ण झाली, सातवं अर्धवट राहिलं. १९९० मध्ये मोडण्याचा आदेश, जुलै १९९१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही, २४ मार्च १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांची संसदेत कबुली. स्वतः बनवून स्वतः मोडणारा हा एकमेव देश.

लोलक
'वाळीत' याची व्याख्या धागाकर्त्याने ठरवायची. १९७९ मध्ये अमेरिकेने कहुटामुळेच पाकिस्तानची मदत थांबवली होती.

करडा_पोपट
आणि डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर ती मदत परत सुरू झाली. वाळीत टाकणं याला म्हणत नाहीत.

मराठीचा_पाईक
विषयाआधी शब्द. वर 'समृद्धीकरण' लिहिलंय, वर्तमानपत्रं 'संपृक्त युरेनियम' लिहितात आणि काही जण 'शुद्धीकरण'. मुलांच्या रसायनाच्या पुस्तकात संपृक्त द्रावण म्हणजे ज्यात आणखी विद्राव्य विरघळत नाही ते. तोच शब्द इथे वापरला तर गोंधळ होणार. शुद्धीकरण तर सरळ चूक, कारण अशुद्धी काढली जात नाही, एकाच मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण बदललं जातं. समृद्धीकरणच लिहा.

घाटवळण
संपृक्त रूढ झालाय. मुलं पेपरात तोच शब्द वाचतात.

मराठीचा_पाईक
चूक रूढ झाली म्हणून शाळेत शिकवायची नसते.

सुपातले_दाणे
२,००० च्या आत बसणारं प्रात्यक्षिक देतो, मॉडेल नको. ९९३ हरभरे आणि ७ राजमे मोजून एका परातीत ठेवा. हे निसर्गातलं युरेनियम, राजमा म्हणजे युरेनियम-२३५, दर हजारी सात. आता ८७५ दाणे बाजूला काढा. पाखडताना थोडे राजमेही जातातच, म्हणून त्यातले दोन जाऊ द्या. उरले १२५, त्यात ५ राजमे, म्हणजे ४ टक्के. वीजनिर्मितीच्या भट्टीला एवढं पुरतं. आता आणखी फक्त ११९ काढा. उरले ६, त्यात ५ राजमे, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर.

मुलांनी स्वतः मोजू द्या. बहुतेक सगळी मेहनत पहिल्या ४ टक्क्यांपर्यंतच होते हे हाताला कळतं. 'आम्ही तर फक्त विजेपुरतं करतोय' असं एखाद्या देशाने म्हटल्यावर बाकीचे अस्वस्थ का होतात, ते मग वेगळं समजवावं लागत नाही. मोजायला १५ मिनिटं धरा, हजार दाणे आदल्या दिवशी मोजून ठेवा. शंभर-शंभरच्या पुड्या केल्या तर वर्गात घोळ होत नाही.

दर्यावर्दी
कोरियाच घेणार असाल तर आपल्या किनाऱ्यापासून सुरू करा. जून १९९९ मध्ये 'कु वोल सान' हे उत्तर कोरियाचं जहाज कांडल्याला साखर उतरवायला आलं. कागदांवर पाणी शुद्ध करायची यंत्रं होती, पेट्यांत क्षेपणास्त्रांचे भाग आणि आराखडे. फेब्रुवारी २०२० मध्ये कांडल्यालाच कराचीकडे निघालेल्या जहाजावरून ऑटोक्लेव्ह (उष्णता आणि दाब देणारी बंद भट्टी) उतरवला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या न्हावा शेवाला चीनहून कराचीला जाणाऱ्या जहाजावर सीएनसी (संगणकाने चालणारं कातकामाचं) यंत्र अडवलं, वजन २२,१८० किलो, कागदावरचा पाठवणारा वेगळा आणि खरा वेगळा. न्हावा शेवा मुलांना ठाऊक आहे, त्यामुळे लगेच लक्ष लागेल.

करडा_पोपट
ही तिन्ही प्रकरणं क्षेपणास्त्रांची. प्रश्न अणुतंत्रज्ञानाचा आहे.

दर्यावर्दी
वाट तीच असते. मधला दलाल, बदललेलं नाव, वळसा घेतलेलं बंदर. आणि सीएनसी यंत्र काय कातेल हे यंत्रावर लिहिलेलं नसतं.

ग्राफाइट
धागाकर्त्यांनी मनात धरलेल्या कोरियाबद्दल कोणी बोललंच नाही. योंगब्योनची ५ मेगावॉटची भट्टी १९८६ मध्ये सुरू झाली. ती ब्रिटनच्या काल्डर हॉलच्या धर्तीवर आहे. १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्या भट्टीची माहिती केव्हाच उघड झालेली. जुनी, मागासलेली रचना जाणूनबुजून निवडली, कारण तिला नैसर्गिक युरेनियम, ग्राफाइट आणि कार्बन डायऑक्साइड पुरतो. समृद्धीकरण नको, जड पाणी नको. एकाकी देश नवं तंत्र शोधत बसत नाही, घरच्या मालावर चालेल ते शोधतो.

आता तोटा. त्या इंधनाचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. पाण्यात ठेवलं की गंजतं. १९९४ मध्ये बाहेर काढलेल्या सुमारे ८,००० कांड्या म्हणूनच डब्यांत बंद कराव्या लागल्या. २००३ मध्ये त्यांतून बॉम्बला चालणारं प्लुटोनियम वेगळं केलं.

आणि पकडलं कसं, तेही सांगा. १९९२ मध्ये कोरियाने जेमतेम ९० ग्रॅम प्लुटोनियम एकदाच काढल्याचं जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी फडक्याने पुसून नमुने घेतले. प्लुटोनियम-२४१ चा क्षय होऊन अमेरिशियम बनतं, त्या प्रमाणावरून वय निघतं. काम एकदा नव्हे, १९८९, १९९० आणि १९९१ असं तीनदा झालेलं निघालं. बारावीला क्षयाचं सूत्र आहे, मुलं स्वतः आलेख काढू शकतील.

घाटवळण
कोरियाला सगळं खान यांनीच दिलं ना? मग पाकिस्तानमध्येच ते आलं.

ग्राफाइट
नाही, इथे बरेच जण चुकतात. ९ ऑक्टोबर २००६ ची पहिली चाचणी प्लुटोनियमची होती, त्यात खान यांचा हात नाही. ती फसलीही, एक किलोटनही भरली नाही. खान यांच्याकडून आली ती सेंट्रिफ्यूजं, जवळपास दोन डझन. हे मुशर्रफ यांनीच नंतर मान्य केलं. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ हेकर यांना योंगब्योनला २,००० यंत्रांचा विभाग दाखवला गेला. दोन डझन नमुन्यांपासून २,००० पर्यंत जायला मॅरेजिंग पोलाद किंवा कणखर ॲल्युमिनियम टनांनी लागतं. एप्रिल २००३ मध्ये 'व्हिल द व्हर्गो' जहाजावरच्या हॅम्बुर्गहून निघालेल्या २२ टन ॲल्युमिनियमच्या नळ्या भूमध्य समुद्रात परत घेतल्या, त्या याच वाटेवर.

लोलक
म्हणजे शेवटी खानच.

निळी_शाई
इराक कोणीच म्हणत नाही. १९९१ मध्ये निरीक्षकांना तिथे कॅल्युट्रॉन (चुंबकाने समस्थानिकं वेगळी करणारी यंत्रं) सापडले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी पद्धत. ती जुनी आणि वीजखाऊ म्हणून सगळ्यांनी मोडीत काढलेली, तिच्यावर नजरही नव्हती. चुंबकी क्षेत्रात आयनांची वक्र वाट बारावीच्या अभ्यासक्रमातच आहे.
फक्त लिबियावर वेळ घालवू नका. तिथे काही झालंच नाही.

करडा_पोपट
लिबिया नकोच, सहमत. दक्षिण आफ्रिका.

लोलक
लिबिया नको. तो पाकिस्तानच्या धड्यातला शेवटचा परिच्छेद.

रेणूमास्तर
सगळ्यांचे आभार. दोन दिवस टिपणं काढून पाहिली आणि लिबिया घेतोय.

कारण लिहितो. बाकी बहुतेक देशांत यश आलं, म्हणून गोष्ट बॉम्बकडे धावते. लिबियाकडे पैसा होता, आराखडे होते, विकणारा होता, तरी समृद्धीकरण झालं नाही. कुठे अडतं हाच माझा प्रश्न आहे. शिवाय कार्यक्रम सोडताना लिबियाने निरीक्षकांना सगळी दारं उघडली होती, त्यामुळे संस्थेचे अहवाल फुकट वाचता येतात.

सहा पत्रकं अशी:
पहिलं, १९७८ ते १९८१ मध्ये नायजरहून आणलेलं २,२६३ टन यलोकेक, म्हणजे युरेनियमचा कच्चा माल. ते वायूत बदलणारा कारखाना नसल्याने बराच काळ पडून राहिलं.
दुसरं, १९९७: २० जोडलेली सेंट्रिफ्यूजं आणि आणखी २०० चे बहुतेक भाग.
तिसरं, अल हशान, २०००: नऊ यंत्रांची साखळी कशीबशी उभी, आणि त्याच सुमारास पुढच्या जातीच्या १०,००० यंत्रांची मागणी. पेट्या येत राहिल्या, पण फिरणारा मुख्य भाग, रोटर, त्यांत नव्हता. तोच बनवायला सर्वांत अवघड. हे पत्रक सर्वांत मोठं करणार.
चौथं, नकाशा: मलेशियात १४ प्रकारचे भाग, तिथून दुबई, मग 'बीबीसी चायना' जहाज, ऑक्टोबर २००३ मध्ये इटलीच्या तारांतोला वळवलेलं. पाच कंटेनर उतरवले. एक नजरेतून सुटलेला मार्च २००४ मध्ये त्रिपोलीला पोचला, तो लिबियाने स्वतः कळवला.
पाचवं, इस्लामाबादच्या एका शिंप्याच्या दुकानाच्या पिशव्यांत सापडलेले अस्त्राचे चिनी आराखडे. रचना कोणती ते दाखवणार नाही, फक्त वाट.
सहावं, जानेवारी २००४: सुमारे २५ टन सामान विमानाने अमेरिकेत ओक रिजला.

सुपातले_दाणे यांचं प्रात्यक्षिक पहिल्या १५ मिनिटांत. ग्राफाइट यांचा अमेरिशियमचा आलेख घरचा अभ्यास म्हणून देणार. शब्द 'समृद्धीकरण'.

ग्राफाइट
तिसऱ्या पत्रकावर रोटर का अवघड ते दोन ओळींत लिहा. भिंत पातळ, वेग ध्वनीपेक्षा जास्त, तोल जराही चुकला तर तुकडे. नाहीतर मुलं म्हणतील, एक नळीच तर आहे.

लोलक
लिबिया घेतला तरी चौथ्या नकाशात कहुटा दाखवाच.

दर्यावर्दी
आणि न्हावा शेवा.

मराठीचा_पाईक
'रोटर' ला 'घूर्णक' चालेल. 'यलोकेक' ला काय लिहिणार?

रेणूमास्तर
कहुटा दाखवतो. न्हावा शेवा या नकाशात बसत नाही, प्रश्नोत्तरांत घेईन. यलोकेक तसंच ठेवतो, खाली 'युरेनियमची पिवळी भुकटी' असं लिहितो. हरभरे आणि राजमे आज आणले, पुड्या बांधायला मुलं येतायत.