पेपर सुटल्यावरचा तास : उत्तरं ताडून बघण्याचे तुमचे अनुभव लिहा

खाडीपलीकडची
लेकीचा आज बारावीचा इतिहासाचा पेपर झाला. तिला आणायला केंद्रावर गेले होते. गेटबाहेर वडाखाली मुलांचा घोळका, प्रत्येकाच्या हातात प्रश्नपत्रिका. "वॉर्सा करार पंचावन्नच ना रे?" "हो, एकोणपन्नास नाटोचं." "बर्लिनची भिंत एकसष्टला बांधली, एकोणनव्वदला पडली. आधी प्रश्न नीट वाच, काय विचारलंय ते." मी स्कूटी बंद करून तिथेच ऐकत उभी राहिले. लेक येऊन बाजूला उभी राहिली तरी मला पत्ता नाही.

आमचं केंद्र खाडीपलीकडे दाभोळला होतं. फेरीबोट तेव्हा सुरू झाली नव्हती, लाँचने ये-जा. पेपर सुटला की जेटीवर लाँचची वाट बघत बसायचं आणि तेवढ्या वेळात सगळा पेपर परत सोडवायचा. रशियन क्रांतीवरून आमच्यात मोठा वाद झाला. एकीने ऑक्टोबर १९१७ लिहिलेलं, दुसरीने ७ नोव्हेंबर. दोघी रडायच्या बेतात, कारण गाईडमध्ये एक होतं आणि वहीत दुसरं. शेजारी दुसऱ्या शाळेचे एक सर बसले होते, आमच्या ओळखीचे पण नव्हते. त्यांनी प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या जागेवर दोन तारखा लिहिल्या. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, ती बाकीच्या जगाच्या तेरा दिवस मागे. तिथला २५ ऑक्टोबर तोच इतरांचा ७ नोव्हेंबर. लेनिनच्या सरकारने १९१८ मध्ये नवी दिनदर्शिका घेतली. म्हणजे दोघींचं बरोबर!

वर्गात तो धडा पाठ करून झाला होता, पण हे असं का, हे त्या जेटीवर कळलं. कारण तेव्हा आम्हाला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पेपरानंतरच्या त्या तासात आपण जे शिकतो त्याला गुण नाहीत, पण तेच टिकतं असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव लिहा. जगाचा इतिहास असेल तर फार आवडेल, दुसरा विषयही चालेल. शाळेची, सरांची नावं नका घालू.

काजूबाग
मस्त धागा ताई. आमच्याकडे पेपर कसा गेला हे विचारायला घरात कोण मोकळंच नसायचं. मार्च म्हणजे काजू. गणवेश उतरवून थेट बागेत बिया वेचायला. उत्तरं ताडणं तिथेच, मी या झाडाखाली, चुलतभाऊ त्या झाडाखाली, ओरडून ओरडून. "व्हर्सायचा तह कितीला?" "एकोणीसशे एकोणीस!" आजी म्हणायची वानरं पळाली बरं झालं.

पालशेतची काकू
वानरं पळायची तेव्हा 🙂 आता प्रश्नपत्रिका वाचून दाखवली तरी जात नाहीत. यंदा ओले काजूगर काय भावाने देताय?

काजूबाग
काकू व्यक्तिगत निरोप करा, इथे नको.

वेंगुर्ल्याचो झील
आमची गजाल आयका. युरोपियन आधी कोण इले ह्याच्यार पेपर सुटल्यार घराकडे जाईसर भांडण. पोर्तुगीज १४९८, ता सगळ्यांका म्हायत. मगे इंग्रज काय डच? कंपनी बघशात तर इंग्रजांची १६०० आणि डचांची १६०२. पण एक पोरगो आयकाकच तयार नाय. म्हणता, आमच्या गावात डचांची वखार आसा, इंग्रजांची खय आसा ती दाखव! मगे आमी सगळे थंयच गेलो, वखारीच्या वंडीर बसान परत सगळो पेपर सोडवलो. पुस्तकातले डच म्हणजे आमच्या वाटेवरचीच ती पडकी भिताडां, ह्या माका त्या दिवशी पयल्यांदा कळला. आता झाडां वाढान वखारीची पार दैना झाली हा. जीव तुटता बघून. कोणीतरी लक्ष दिवक व्हया.

पालशेतची काकू
त्याला म्हणावं राजापूरला ये, इंग्रजांची वखार तिथे होती. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं.

वेंगुर्ल्याचो झील
काकू त्येका पाठवतंय तुमचो मेसेज. मुंबयत आसा तो आता. खूश होतलो.

मांडवी बंदर
मी रत्नागिरीचा. साम्राज्यवादावर मोठा प्रश्न होता, उदाहरणं द्या. सगळ्यांनी आफ्रिकेची वाटणी, १८८४-८५ ची बर्लिन परिषद वगैरे लिहिलेलं. बाहेर आल्यावर आमच्यातला एक म्हणाला, मी ब्रह्मदेशचा थिबा राजा लिहिला. सगळे गप्प. पुस्तकात थिबा नव्हता ना. गुण मिळणार की नाही यावर पार मारुती मंदिरापर्यंत चर्चा. पण विचार करा, यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, १८८६ च्या १ जानेवारीला ब्रह्मदेश खालसा केला आणि राजाला बायकामुलांसकट इथे आणून ठेवलं. त्याचा राजवाडा १९१० ला बांधून झाला, १९१६ मध्ये तो इथेच गेला. आणि दिल्लीचा बहादूरशाह जफर? त्याला रंगूनला नेऊन ठेवलं होतं, तो तिथे १८६२ मध्ये गेला. इथल्या बादशहाला तिकडे, तिकडच्या राजाला इकडे. दोघांनाही आपल्या मातीत जागा नाही. हे त्या पोराने पेपरात लिहिलं होतं, दहावीतल्या पोराने! आम्ही रोज राजवाड्यासमोरून शाळेत जायचो आणि आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

खाडीपलीकडची
वाचून अंगावर काटा आला दादा. गुण मिळाले का त्याला?

मांडवी बंदर
विषयात आमच्यात पहिला आला तो.

कुणीतरी एक
सगळ्यांना ही चर्चा गोड वाटते असं नाही हं. मला पेपर सुटला की पोटात गोळा यायचा. आमच्या वर्गात एक जण मुद्दाम प्रत्येकाला थांबवून "तुझं काय आलं" विचारायची आणि उत्तर ऐकून नुसती भुवई उडवायची. मी मागच्या गेटने समुद्रावरून घरी जायचे. पुढचा पेपर चांगला जावा एवढंच वाटायचं.

खाडीपलीकडची
खरंय ग. लेकीला पण तेच सांगितलंय, नको वाटलं तर सरळ निघून ये.

पालशेतची काकू
अगदी बरोबर केलंस बाळा. माझा मुलगाही असाच. मी कधी विचारलं नाही, जेवायला वाढायचे आणि बाजूला बसायचे.

लाल पेन
मी इतिहासाचे पेपर तपासते, म्हणून थोडं लिहिते, मुलं वाचत असतील तर. 'कारणे लिहा' मध्ये आणि टिपांमध्ये गुण मुद्द्यांना असतात. मैत्रिणीने पाच मुद्दे लिहिले आणि तुम्ही दुसरे चार लिहिले, तर तुमचं चुकलं असं होत नाही. पहिल्या महायुद्धाची कारणं घ्या. कुणी गुप्त करार पुढे आणेल, कुणी शस्त्रस्पर्धा, कुणी सारायेव्होतली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या. सगळं ग्राह्य. ताडून बघायच्याच असतील तर जोड्या आणि पर्याय बघा. मोठ्या उत्तरांवरून गेटबाहेर कुणी जीव जाळून घेऊ नये. उद्याच्या पेपरची झोप त्यात जाते, आणि ते नुकसान आम्हाला तपासताना स्पष्ट दिसतं.

काजूबाग
मॅडम अक्षर वाईट असेल तर गुण कापतात का हो? भाच्यासाठी विचारतोय.

लाल पेन
वाचता आलं पाहिजे, एवढंच. सुंदर नको. दोन ओळींत अंतर ठेव म्हणावं.

तांडेलाची नात
आमच्या घरी पेपर ताडून बघायचे ते आजोबा. सातवीपर्यंत शिकलेले, बोटीवर खलाशी होते, परदेशी जहाजांवर. सुएझ कालवा कोणते दोन समुद्र जोडतो यावर मी आणि भाऊ भांडत होतो, आजोबांनी ओसरीवर खडूने नकाशा काढला. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, मधे कालवा. १८६९ ला खुला झाला हे आम्हाला पाठ होतं. इजिप्तच्या अध्यक्ष नासरने तो १९५६ ला ताब्यात घेतला हेही. पण १९६७ च्या युद्धात तो बंद पडला आणि १९७५ पर्यंत बंदच राहिला, हे आजोबांकडून कळलं. त्यांची बोट मग अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायची. घरी पत्रं उशिरा यायची, मनीऑर्डर उशिरा यायची. आजी म्हणायची त्या दिवसांत दुकानदाराने उधारी बंद केली होती. तिला नासर माहीत नव्हता, इस्रायल माहीत नव्हतं, पण त्या लढाईची झळ आमच्या चुलीपर्यंत आली होती. जगाचा इतिहास जगात कुठेतरी घडतो असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

मांडवी बंदर
जबरदस्त. आजोबांचं हे सगळं लिहून ठेवा ताई. जहाजी लोकांच्या आठवणी कुणी लिहीत नाही.

तांडेलाची नात
थोडं रेकॉर्ड केलंय मोबाईलवर. गेले ते आता. बाकी बोटींची नावं त्यांनाच ठाऊक.

सुपारीची वाडी
मी २०२० ची दहावीची बॅच, श्रीवर्धन. आम्ही इतिहासाचा पेपर दिला आणि बाहेर येऊन आधुनिक इतिहासलेखनाचा जनक फ्रान्सचा व्हॉल्टेअर की जर्मनीचा रांके यावर भांडलो. व्हॉल्टेअर. पुस्तकातलं वाक्य एकीने पाननंबरासकट सांगितलं. मग ठरलं, उरलेलं भूगोलाच्या पेपरनंतर बघू, तेव्हा सगळे मिळून किनाऱ्यावर जाऊ. भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो झालाच नाही. आधी पुढे ढकलला, मग रद्द. लॉकडाऊन. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आमची सुपारीची सगळी बाग आडवी झाली, शेजाऱ्यांचे पत्रे आमच्या विहिरीत. त्या वर्गातली कितीतरी मुलं मला परत भेटली नाहीत. कुणी मुंबईला, कुणी कामाला लागलं. त्यामुळे माझ्यासाठी व्हॉल्टेअर म्हणजे तो गेटबाहेरचा शेवटचा घोळका. धाग्याला सोडून लिहिलं असेल तर माफ करा.

पालशेतची काकू
अजिबात सोडून नाही रे. बाग परत लावलीत का?

सुपारीची वाडी
हो काकू, लावली. रोपं धरलीत चांगली. सुपारीला वेळ लागतो.

दापोलीचा आजोबा
नातीच्या फोनवरून लिहितो आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गावात शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर सालं आहेत १९१४-१९१९. आम्ही लहानपणी तिच्यावर पाय ठेवून चिंचा पाडायचो. एका वर्षी परीक्षेत पहिलं महायुद्ध कधी संपलं असा प्रश्न आला. पुस्तकात ११ नोव्हेंबर १९१८. आमच्या वर्गातल्या एका मुलीने १९१९ लिहिलं. पेपर सुटल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडले. ती म्हणाली, पाटीवर कोरलेलं आहे, दगडावर कुणी चुकीचं कोरेल का? तिचे पणजोबा त्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले होते.

वाद वाढला तसे आम्ही सगळे सरांकडे गेलो. सर आम्हाला घेऊन पाटीपाशी आले. म्हणाले, १९१८ ला तोफा थांबल्या, तो युद्धविराम. व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. म्हणून सरकारने पदकांवर आणि पाट्यांवर १९१४-१९१९ घातलं. परीक्षेत पुस्तकातलंच लिहा, पण ही मुलगी खोटं बोलत नाही. मग त्यांनी कुत अल् अमाराचा वेढा सांगितला. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत आपल्या मराठा पलटणीचे शिपाई तिथे अडकले होते. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, शेवटी शरणागती, आणि त्यानंतर तुर्कांच्या कैदेत हाल. हे सांगताना सरांचा आवाज भरून आला होता. आम्ही त्या पाटीवर परत कधी पाय ठेवला नाही.

मला एका गोष्टीचं अजून दुःख आहे. पाटीवर फक्त आकडे आहेत. नावं नाहीत. कोण गेले, कोण परत आले नाहीत, गावात सांगणारं आता कुणी उरलं नाही.

मांडवी बंदर
आजोबा नमस्कार. काय लिहिलंत तुम्ही.

खाडीपलीकडची
लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं आजोबा. ती म्हणतेय आपल्याकडे पण अशी पाटी आहे का बघू या.

वेंगुर्ल्याचो झील
आजोबानु, त्या बायेक गुण गावले काय?

दापोलीचा आजोबा
त्या प्रश्नाचा नाही गावला. पुढे ती शिक्षिका झाली.

लाल पेन
आजोबा, नावं मिळू शकतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, तिची यादी इंटरनेटवर मोफत बघता येते. मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसरा इथे स्मारक आहे. आपल्या शिपायांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा दिलेला असतो. फक्त गावाचं नाव त्या काळच्या कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे चार तऱ्हांनी शोधावं लागतं. जिल्हा रत्नागिरी टाकून सुरुवात करा. पलटणीचं नाव कुणाला आठवत असेल तर काम आणखी सोपं.

तांडेलाची नात
आजोबा गावाचं नाव मला निरोपात कळवा, मी रात्री बसून शोधते. मला त्या याद्या वाचायची सवय आहे, बोटीवरच्या लोकांसाठी शोधाशोध केली होती.

दापोलीचा आजोबा
कळवतो. नातीचा उद्या पेपर आहे, तो झाला की तिच्याकडून पाटीचा फोटोही पाठवतो.