मदत हवी आहे : शेन कुओच्या टांगत्या सुईला पीळ नसलेला धागा

चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या शेन कुओ या विद्वानाने 1088 च्या सुमारास होकायंत्राची सुई कशी करायची ते लिहून ठेवलंय, लोहचुंबकावर सुई घासायची, नव्या रेशमाच्या एकाच तंतूला मोहरीएवढ्या मेणाने बरोब्बर मध्यावर चिकटवायची आणि वारा नसेल तिथे टांगायची. सुई पाण्यावर तरंगवूनही चालते पण ती डुचमळते, टांगलेलीच बरी असं त्याचं म्हणणं. मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात हेच करायचंय आणि माझं गाडं धाग्यापाशी अडलंय.

सुईत चुंबकत्व आलंय, ते विचारू नका 😅 जुन्या स्पीकरच्या मॅग्नेटवर एकाच दिशेने घासली, वाटीत पाण्यावर ठेवली की नीट उत्तर-दक्षिण होते. टांगली की मात्र गरागरा फिरते आणि वाट्टेल तिथे थांबते. पंखा बंद, वर काचेची बरणी, टेबल लाकडी, जवळ मोबाईल नाही. शिवणाचा दोरा झाला, भरतकामाचा रेशीम दोरा उसवून एक पदर काढून झाला, पण दोघांनाही पीळ आहेच, तोच सुईला फिरवतोय. नायलॉन नकोय, जसं लिहिलंय तसंच करायचंय.

रेशीमशेती करणाऱ्या मित्राने पाच कोष दिलेत. गरम पाण्यात टाकून टोक सापडतं म्हणे, मी एक टाकला तर नुसता कापसासारखा गुंता हातात आला. आता चारच उरलेत. तर कोणी घरी कोष उकलला असेल तर सांगा, पाणी किती गरम, किती वेळ ठेवायचा, आणि वरचा गुंता काढून खरं टोक कसं पकडायचं?