प्रतिसाद: दुखत नसताना मणक्यांवर उपचार
काहीच दुखत नसलं तरी दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडून (हाताने दाब-झटके देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडून) मणके 'जुळवून' घेतले की पुढचे आजार टळतात, असं वर म्हटलंय. मला हे पटत नाही. ज्यांची कंबर पुन्हा पुन्हा धरते त्यांचे त्रासाचे दिवस नियमित उपचारांनी थोडे कमी झाले, असं स्वीडनमधल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. धडधाकट माणसासाठी तसा भक्कम पुरावा नाही. झटका देताना येणारा 'कट्ट' आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा असतो. आणि मानेला झटका तर उगाच घेऊच नका. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थेट हॉस्पिटल गाठा.