झारचा मुलगा धडधाकट असता तर रशियाचं राज्य वाचलं असतं का? (नववीतल्या मुलीचा प्रश्न आहे)

महालवाली_आई, नागपूर

नमस्कार मंडळी. माझी लेक सीबीएसई नववीला आहे, इतिहासात रशियन क्रांतीचा धडा सुरू आहे. त्यात संप, पावाच्या रांगा, लेनिन सगळं आहे, पण झारबद्दल, म्हणजे तिथल्या राजाबद्दल, निकोलसबद्दल, एवढंच की त्यानं गादी सोडली. मग पोरीनं मोबाईलवर शोधलं आणि तिला तो फोटो सापडला, चार बहिणी पांढऱ्या फ्रॉकमध्ये आणि मधे तो खलाशाच्या ड्रेसमधला लहान भाऊ. परवा रात्री जेवताना घास हातात धरून म्हणाली, आई ह्या सगळ्यांना एका खोलीत नेऊन मारलं, सगळ्यात लहान तेरा वर्षांचा होता, माझ्याहून लहान. मला काय बोलावं सुचलं नाही खरंच.

तिचे प्रश्न असे आहेत. तो अलेक्सी आजारी नसता तर रास्पुतिन नावाचा तो साधूबाबा राजवाड्यात आलाच नसता, मग राज्य टिकलं असतं का? इंग्लंडचा राजा सख्खा मावसभाऊ होता तर त्यानं बोलावून काऊन घेतलं नाही? आणि तारखांचा काय घोळ आहे, एकीकडे २ मार्च दिसते, एकीकडे १५ मार्च.

मी स्वतः नागपूरच्या महाल भागात वाढले, सिनियर भोसल्यांच्या वाड्यावरून रोज शाळेत जायचे. तिसऱ्या रघुजींना मुलगा नव्हता, १८५३ मध्ये ते गेले आणि डलहौसीनं दत्तक मानलं नाही, राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्ती-घोडे, दागिने लिलावात काढले, हे आजीनं इतक्यांदा सांगितलंय की वारस नाही तर राज्य नाही असंच डोक्यात बसलंय. म्हणून मलाही पोरीचा पहिला प्रश्न पटतो. जाणकारांनी सांगा.

---

रक्तपेढीवाली_ताई

तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, ते आई आणि बाप दोघांकडून आलं तरच मूल आजारी पडतं. अलेक्सीला होता त्या हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराचं, तसं नाही. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आईला सहसा काही होत नाही पण तिच्या दर मुलग्याला निम्मी शक्यता. व्हिक्टोरिया राणीपासून तो निघाला, तिचा मुलगा लिओपोल्ड त्यानंच गेला, मुलगी ॲलिसमार्फत नातीकडे आला, ती नात म्हणजे झारची बायको अलेक्झांड्रा. तिचा स्वतःचा भाऊ लहानपणी खिडकीतून पडून रक्तस्रावानं गेला होता. म्हणजे घरात हे बघितलेलं होतं. आधी चार मुली, मग लग्नानंतर दहा वर्षांनी नवससायास करून १९०४ ला मुलगा झाला आणि थोड्याच आठवड्यात नाळेच्या जागेतून रक्त थांबेना, तेव्हा त्या बाईच्या मनाचं काय झालं असेल हो.

२००९ मध्ये हाडांच्या डीएनएवरून हेही कळलं की तो हिमोफिलिया बी होता, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर नऊ ह्या घटकाची कमतरता. आज आपण ते फॅक्टर शिरेतून देतो आणि पोरं शाळेत जातात. १९१२ ला काहीच नव्हतं. त्या साली पोलंडमधल्या स्पावा इथं अलेक्सीच्या मांडीत आणि पोटात आतून रक्त साचलं, पोरगं इतकं गेलं की शेवटचे धार्मिक संस्कार झाले. तेव्हा रास्पुतिनची सायबेरियातून तार आली की मुलगा मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार त्रास देऊ देऊ नका. आणि पोरगं सुधारलं. आता माझ्यासारख्या लॅबवालीला त्यात चमत्कार दिसत नाही, पण त्या आईच्या जागी मी असते तर त्या माणसाचे पाय धरले असते, हे मी मनापासून सांगते. आणि हा आजार घराबाहेर लपवून ठेवला होता, त्यामुळे लोकांना कळेच ना की हा दाढीवाला बाबा राणीजवळ कशाला जातो, मग घाणेरड्या गोष्टी पसरल्या, चित्रं छापली गेली. लपवणं फार महागात पडलं असं माझं मत.

---

इतवारीचा_पोट्टा

ताई तुम्ही आईच्या बाजूनं लिहिलं ते समजलं, पण बाकीच्या आयांचं काय? १८९६ ला राज्याभिषेक झाला तेव्हा मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर लोकांना मग, पाव-सॉसेज अशी भेट वाटणार होते, त्यासाठी रात्रीपासून गर्दी झाली आणि चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानं १३८९ माणसं मेली, आणि त्याच रात्री झार फ्रेंच राजदूताच्या बॉलला गेला. मग २२ जानेवारी १९०५, कामगार बायका-पोरांसकट झारचे फोटो आणि देवाच्या तसबिरी घेऊन, भजनं म्हणत अर्ज द्यायला निघाले आणि त्यांच्यावर गोळ्या घातल्या. ते लोक त्याला मायबाप म्हणायचे हो! तो त्या दिवशी वाड्यात नव्हता हे खरं, पण फौज कोणाची होती. माझे आजोबा मिलमध्ये होते, एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ चालायचं, त्यामुळे मला हे वाचताना पहिलं तेच दिसतं.

१९०५ नंतर ड्यूमा म्हणजे संसद दिली, पण तीसुद्धा मनासारखी बोलली नाही की बरखास्त. मुलगा पहिलवान असता तरी हे सगळं झालंच असतं. पोरांना मारलं ते वाईटच, त्याला मी कधीच बरोबर म्हणणार नाही, पण राज्य का गेलं ह्याचं उत्तर पाळण्यात शोधू नका.

---

रेल्वेवाले_काकाजी (अजनी)

मुलीला माझा आशीर्वाद सांगा, एवढ्या वयात एवढा विचार करून राह्यली. मी रेल्वेत कंट्रोलवर होतो, ३१ वर्षं गाड्या चालवल्या म्हणजे टेबलावरून, म्हणून मी माझ्या बाजूनं सांगतो.

आधी तारखा. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, ते आपल्यापेक्षा तेरा दिवस मागं. म्हणून २ मार्च आणि १५ मार्च एकच दिवस, आणि म्हणूनच आपल्या मार्चमधल्या क्रांतीला फेब्रुवारी क्रांती म्हणतात. मी पुढं नव्या तारखा सांगतो.

त्या हिवाळ्यात देशात धान्य होतं पण ते राजधानी पेट्रोग्राडला पोचत नव्हतं. इंजिनं पहिल्या महायुद्धानं खिळखिळी झालेली, थंडीत बॉयलरच्या नळ्या फुटायच्या, वॅगन सगळ्या आघाडीकडे. आपल्याकडे एका सेक्शनला ब्लॉक पडला तर इटारसीपासून बल्लारशापर्यंत कशी रांग लागते ते मी पाह्यलं आहे, तिथं तर अख्ख्या देशाचा ब्लॉक झाला होता. आणि १९१५ च्या सप्टेंबरात हा झार स्वतः सेनापती होऊन मोगिलेवच्या लष्करी मुख्यालयात जाऊन बसला, राजधानीत बायको आणि रास्पुतिन, मंत्री भराभर बदलले जायचे. म्हणजे हरलं की दोष थेट झारवर आणि घरी लक्ष द्यायला कोणी नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ती. डिसेंबर १९१६ ला त्याच्याच नात्यातल्या लोकांनी रास्पुतिनला मारलं, त्यानं काही फरक पडला का? दोन-अडीच महिन्यांत राज्यच गेलं. म्हणून मुलीला सांगा, रास्पुतिन काढून टाकून पाह्यला होता त्यांनी, तरी टिकलं नाही.

८ मार्च १९१७ ला कापड गिरणीतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, १२ तारखेला फौजच फिरली, वोलिन्स्की रेजिमेंटपासून सुरू झालं. झार १३ तारखेला पहाटे स्पेशल ट्रेननं निघाला, पोरं राजधानीजवळच्या त्सार्स्कोये सेलोच्या राजवाड्यात गोवरानं आजारी होती, त्याला घरी पोचायचं होतं. पण सरळ लाइन त्यानं बंड मोडायला निघालेल्या जनरल इवानोव्हच्या फौजेला मोकळी सोडली आणि आपण लांबच्या रस्त्यानं गेला. तिकडं बुब्लिकोव्ह नावाच्या ड्यूमाच्या सदस्यानं रेल्वे खातं ताब्यात घेऊन सगळ्या स्टेशनांना तारा ठोकल्या. मलाया विशेराला रात्री गाडी पोचली तर कळलं पुढली स्टेशनं क्रांतिवाल्यांकडे आहेत. गाडी उलटी फिरवली, बोलोगोये, मग द्नो, मग प्स्कोव्ह. द्नो म्हणजे रशियनमध्ये तळ. राजाची गाडी आणि त्याला स्वतःच्या राज्यात लाइन क्लिअर मिळेना! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बसून राह्यलो, कारण कंट्रोलवाल्याला माहीत असते की गाडी ज्याच्या हातात नाही त्याच्या हातात काहीच नाही.

प्स्कोव्हला सेनापतींच्या तारा आल्या, सख्खा चुलत काकासुद्धा म्हणाला गादी सोड. आधी त्यानं अलेक्सीच्या नावे सोडायची ठरवली. मग डॉक्टर फ्योदोरोव्हला बोलावून विचारलं की पोराचं खरं काय ते सांगा, डॉक्टरनं सांगितलं हा आजार बरा होत नाही. आणि सत्ता सोडली की पोराला आईबापापासून तोडणार हेही दिसत होतं. मग बापानं मुलाच्या वतीनंही गादी सोडली, भाऊ मिखाईलच्या नावे. मिखाईलनं दुसऱ्याच दिवशी नको म्हटलं. तीनशे चार वर्षांचं राज्य असं संपलं. म्हणजे बघा, मुलाच्या आजारानं राज्य बुडालं नाही, पण शेवटच्या घटकेला बारा वर्षांच्या पोराला पुढं करून काही वेळ तरी गादी टेकवून धरता आली असती, तो दरवाजा आजारानं बंद झाला. इतवारीच्या भाऊचं आणि मुलीचं, दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटते.

त्या रात्री त्यानं डायरीत लिहिलं, चहूकडे फितुरी, भित्रेपणा आणि फसवणूक.

---

धरमपेठची_वाचक

इंग्लंडचं मी सांगते. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, डेन्मार्कच्या, आणि पाचवा जॉर्ज आणि निकोलस दिसायचेसुद्धा जुळ्यासारखे. मार्च १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारनं या म्हणून सांगितलं होतं. मग जॉर्जलाच भीती वाटली की इथल्या कामगारांना हा झार नकोय, उद्या माझीच गादी हलायची, त्याच्या सेक्रेटरीनं पत्रावर पत्रं पाठवली आणि एप्रिलमध्ये आमंत्रण मागं घेतलं. कित्येक वर्षं लोक पंतप्रधान लॉईड जॉर्जला दोष देत राहिले. त्याच राजानं १७ जुलै १९१७ ला घराण्याचं जर्मन नाव बदलून विंडसर केलं, आणि बरोबर एक वर्षानं १७ जुलैला येकातेरिनबर्गच्या इपातिएव्ह घरात कैदेत असलेली ती अकरा माणसं मेली. मला ह्या माणसाचा राग येतो, स्पष्ट सांगते. राजकारण असेल, पण मुलींना तरी बोलावून घ्यायचं होतं.

अकरा म्हणजे कुटुंबातले सात, शिवाय डॉक्टर बोटकिन, मोलकरीण देमिदोव्हा, स्वयंपाकी खारितोनोव्ह आणि नोकर त्रुप. ह्या चौघांना सोडून जाता आलं असतं, गेले नाहीत. लेकीला ह्यांची नावं पण सांगा ताई.

आणि ती पुढं विचारणारच म्हणून, अनास्तासिया वाचली नाही. बर्लिनच्या कालव्यातून १९२० मध्ये काढलेली ती बाई आयुष्यभर मीच ती म्हणायची, १९८४ ला वारली, नंतर डीएनएवरून कळलं की ती पोलिश कामगार बाई होती. १९९१ ला जंगलातल्या खड्ड्यातून नऊ जणांची हाडं काढली, अलेक्झांड्राची ओळख प्रिन्स फिलिपच्या रक्तावरून पटली, कारण तो तिच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. अलेक्सी आणि एक बहीण त्यात नव्हते म्हणून अफवा चालू राहिल्या, ते दोघं २००७ मध्ये जवळच सापडले.

---

महालवाली_आई, नागपूर

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री पूर्ण धागा तिला वाचून दाखवला. खोदिन्काचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली तो बाप म्हणून चांगला होता आणि राजा म्हणून नव्हता, दोन्ही एका वहीत कसं लिहू. मी म्हटलं दोन पानांवर लिही. चार नोकरांची नावं तिनं सगळ्यात वर लिहिली आहेत.

काकाजी, तिनं तुमच्या गाडीचा नकाशा काढलाय, मोगिलेव, बोलोगोये, मलाया विशेरा, द्नो, प्स्कोव्ह असा, बरोबर आहे का विचारून राह्यली.

---

रेल्वेवाले_काकाजी (अजनी)

अगदी बरोबर. फक्त बोलोगोये दोनदा लिहायला सांगा, एकदा जाताना आणि एकदा परत येताना.