मदत हवी आहे: बोलताना हात शब्दाच्या सव्वा सेकंद आधी हलतो? कॉम्प्युटरचा आकडा पटत नाहीये

नमस्कार मंडळी, भाषाशास्त्रात एमए करतेय आणि प्रोजेक्टला बोलतानाचे हातवारे हा विषय घेतलाय. साताऱ्याच्या आत्याला समोर बसवून पुरणपोळी कशी करायची ते सांगायला लावलं, मोबाईलवर १८ मिनिटं शूट केलं. समोर पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसतं तोंडी सांगायचं, पण हात थांबतील तर शपथ. "एवढाऽसा गोळा घ्यायचा, मग असं असं करत कडा वर घ्यायच्या, की अस्सं बंद," आता हे नुसतं टाईप करून वाचणाऱ्याला काय कप्पाळ कळणार, निम्मी रेसिपी हातातच आहे.

तर आवाज प्राटमध्ये (आवाजाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) टाकून जोर दिलेले शब्द मार्क केले. व्हिडिओ मीडियापाइपला (व्हिडिओतला हात ओळखणारं सॉफ्टवेअर) दिला, ते एका हाताचे २१ पॉइंट देतं, त्यातला मनगटाचा धरून पायथनमध्ये वेग काढला आणि वेग सगळ्यात जास्त तिथे हातवारा असं मानलं. हातवाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅकनीलने १९९२ च्या पुस्तकात म्हटलंय की हातवाऱ्याचा मुख्य भाग, म्हणजे स्ट्रोक, बोलण्यातल्या जोराच्या आधी किंवा बरोबर येतो, मागून येत नाही. तेच मराठीत बघायचं होतं. पहिल्या दोन मिनिटांत छान जुळलं, हात साधारण ०.२ सेकंद पुढे, मी खूश. पण पुढे फरक वाढतच जातो आणि शेवटी शेवटी हात शब्दाच्या चक्क सव्वा सेकंद आधी! आत्या रंगात आली म्हणून हात पुढे पळायला लागले असं लिहून टाकणार होते, पण धीर होईना. सरांना दाखवायच्या आधी सांगा, हे खरं असू शकतं की माझंच काही गंडलंय? वेळ काढायला फ्रेम नंबर भागिले ३० केलंय, सेकंदाला ३० फ्रेम धरून.

प्रतिसाद १:
शेवटच्या वाक्यातच उत्तर दिलंत की ताई. फाईल खरंच ३० ची आहे का बघा, बऱ्याचदा २९.९७ असते. फरक हजारात एक, पण १८ मिनिटं म्हणजे १०८० सेकंद, त्याचा हजारावा भाग १.०८ सेकंद. तुमच्या ०.२ मध्ये मिळवा, झाला सव्वा सेकंद. आत्याबाई निर्दोष! शिवाय मोबाईल उजेड कमी झाला की फ्रेम कमी जास्त करतो, त्यामुळे सगळीकडे एकच आकडा धरून भागूच नका, एफएफप्रोबने (व्हिडिओ फाईलची माहिती काढायचं टूल) प्रत्येक फ्रेमची खरी वेळ काढा आणि ती वापरा. खात्री करायची तर शेवटच्या मिनिटात टाळी किंवा मांडीवर थाप असलं काहीतरी शोधा, आवाज आणि हात एकाच जागी यायला हवेत.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, पण अजून एक. वेग सगळ्यात जास्त म्हणजे स्ट्रोक असं नसतं हो. हात मांडीवरून उचलून वर नेणं ही नुसती तयारी, तीच कधी कधी सगळ्यात वेगात होते, आणि हात खाली टाकताना पण वेगाचं टोक येतं. निदान दोन तीन मिनिटं इलानमध्ये (व्हिडिओवर खुणा करायचं सॉफ्टवेअर) डोळ्यांनी बघून तयारी, स्ट्रोक, थांबणं, परत जाणं असं हाताने मार्क करा आणि मग कॉम्प्युटरशी ताडून बघा, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. आणि कॅमेरा अगदी समोर होता का? लाटायची अॅक्शन पुढे मागे होते, म्हणजे कॅमेऱ्याच्या दिशेनेच, तुम्ही आडवं उभं मोजताय म्हटल्यावर तिथे हात जवळजवळ स्थिर दिसणार. पुढच्या वेळी जरा तिरका लावा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार __/\__ फाईल २९.९७ चीच निघाली!! मी फोनच्या सेटिंगमध्ये ३० बघितलं आणि विश्वास ठेवला. खऱ्या वेळा घातल्यावर शेवटपर्यंत ०.२ च्या आसपासच येतंय, बाराव्या मिनिटाला आत्याने कपाळावर हात मारलाय (आमच्या काकूचं पुरण पातळ झालेलं ते आठवून) तिथे आवाज आणि हात नीट जुळले.

पण प्रतिसाद २ मुळे त्या ०.२ वर पण आता भरवसा नाही, कारण बघितलं तर बऱ्याच ठिकाणी मी हात उचलणंच मोजलंय. आज रात्री इलान घेऊन बसते. एक विचारायचं राहिलं, "असं" वर हात तिथेच गोल गोल फिरत राहतो चार पाच वेळा, तो एक स्ट्रोक धरायचा की पाच?